शिवेवरची घार

घारीचे घरटे मी आयुष्यात प्रथम पाहिले ते वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. घार मात्र जन्मापासून पाहत आलो आहे. शीवला राहणाऱ्या माणसाला ती टाळता येणे शक्यच नाही. सकाळी गॅलरीत दात घासायला उभे राहावे तर समोरच्या इमारतीच्या टाकीवर ती बसलेली असते. दुपारी शाळेच्या पटांगणावरून तिची सावली सरकत जाते आणि डबा खाणारी मुले आपापल्या पोळीवर हात धरतात. तिसरीत असताना माझ्या हातातला बटाटेवडा तिने नेला होता. वड्याचे दुःख दोन दिवसांत ओसरले. तिच्या पंखाचा वारा गालाला लागला तो मात्र अजून आठवतो. इतक्या जवळून गेलेला जीव राहतो तरी कुठे, असा प्रश्न पुढे चाळीस वर्षे मला पडला नाही, याचे आता नवल वाटते.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. माझे स्वतःचे शिक्षण जुन्या भाषेत सांगायचे तर मॅट्रिक, आणि त्यापुढे चित्रकलेची पदविका. रात्री आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहितो. या दोन्ही धंद्यांत माणसाला एक वाईट खोड लागते: न पाहिलेली गोष्ट पाहिल्यासारखी उभी करण्याची. मुलांना मी वर्षानुवर्षे फळ्यावर घरटे काढून दाखवीत आलो. एक फांदी, तिच्यावर वाटीसारखे काहीतरी, त्यातून वर आलेल्या चार चोची, आणि बाजूला आई. त्या चोची नेहमी सारख्या मापाच्या असत.

२०२४च्या डिसेंबरात आठवीच्या मुलांना घेऊन मी महाराष्ट्र निसर्ग उद्यानात गेलो. शीवहून वांद्र्याला जाणाऱ्या रस्त्यावर, धारावीच्या कडेला, मिठी नदीला लागून हे रान आहे. रान म्हणायला मला संकोच वाटत नाही. सदतीस एकर जागेवर आत शिरल्यावर पन्नास पावलांत रस्त्यावरच्या मोटारींचे भोंगे कुठेतरी मागे राहतात. पण या रानाला पुरातन काही नाही. ही मुंबईचा कचरा टाकण्याची जागा होती. १९७७च्या सुमारास कचरा टाकणे थांबले, १९८३ साली डॉ. सालिम अली यांच्या हस्ते पहिले झाड लागले आणि १९९४ साली उद्यान लोकांसाठी उघडले. आज ज्या मुळांवरून आपण ठेचकाळतो ती मुळे खाली शहराने टाकून दिलेल्या वस्तूंमध्ये गुंतलेली आहेत. मुलांना मी हे सांगितले तेव्हा एकाने विचारले, “सर, मग खाली अजून चपला असतील?” असतील, म्हणालो. चपला न कुजण्याबद्दल प्रसिद्धच आहेत.

शीव या नावाचा अर्थ सीमा असा सांगतात. मुंबईचे बेट इथे संपत होते आणि पलीकडे साष्टी सुरू होत होती. टेकडीवरचा किल्ला सतराव्या शतकात इंग्रजांनी त्याच सीमेवर पहाऱ्यासाठी बांधला. शहराची सीमा केव्हाच पुढे सरकली. कचरा, खाडी आणि आमच्यासारखी माणसे तेवढी शिवेवर राहिली. घारीही राहिल्या.

मुलांना मी पाने काढायला बसवले होते. एवढ्यात एका मुलीने तोंड वर करून म्हटले, “सर, ती साडी घेऊन चाललीय.” खरोखरच एक घार नख्यांत लुगड्याच्या काठाची हातभर चिंधी घेऊन शिरीषाच्या एका उंच झाडाकडे चालली होती. जिथे ती उतरली तिथे दोन जाड फांद्यांच्या बेचक्यात काटक्यांचा एक ओबडधोबड भारा होता. मी तो अर्ध्या तासापूर्वी पाहिला होता आणि वादळात अडकलेला केर समजून सोडून दिला होता.

तेव्हापासून मला दर रविवारी तिथे जाण्याचा नाद लागला. शाळेतल्या एका सहकाऱ्याची दुर्बीण मागून आणली. उद्यानातल्या एका कामगाराने मला जागा दाखवून दिली. घरट्याच्या थेट खाली उभे राहायचे नाही, कारण अंडी-पिले असताना घार माणसाच्या डोक्यावर झडप घालते. थोडे लांब, वाटेच्या वळणावर एक दगड होता तिथून सगळे नीट दिसते. तो दगड माझा झाला. मांडीवर वही, गळ्यात दुर्बीण, अशा थाटात मी बसू लागलो तेव्हा फिरायला येणारे लोक मला पक्षितज्ज्ञ समजून प्रश्न विचारू लागले. पहिले दोन आठवडे मी संकोचाने ‘मला माहीत नाही’ म्हणत असे. तिसऱ्या आठवड्यापासून उत्तरे देऊ लागलो. शिक्षकाला अज्ञान फार दिवस मिरवता येत नाही.

उत्तरे देण्यासाठी वाचावे लागले. वाचनात स्पेनमधल्या डोन्याना नावाच्या अभयारण्याची हकीकत आली. तिथे आमच्याच जातीच्या घारी आहेत, आणि त्या घरट्यात पांढऱ्या प्लास्टिकचे तुकडे आणून मांडतात. शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे मोजदाद करून २०११ साली असे दाखवून दिले, की ऐन उमेदीतल्या, घर राखायला समर्थ अशा घारी हे तुकडे अधिक मांडतात. कोवळ्या आणि म्हाताऱ्या घारी कमी. बाकीच्या घारी ती सजावट पाहून समजून घेतात आणि भांडायला येत नाहीत. मला आमच्या चाळीतली दिवाळी आठवली. ज्याच्या दारात सर्वांत मोठा आकाशकंदील, त्याच्याशी नळावर भांडताना लोक जरा आवाज खाली ठेवीत असत. आमच्या शिरीषावरच्या जोडप्याने निळ्या पिशवीचा तुकडा, तारेचे वेटोळे, लुगड्याचा काठ आणि कुणाच्या तरी मनगटावरचा लाल दोरा एवढा संसार मांडला होता.

परदेशात अशा गोष्टी बघायला लोक मुद्दाम प्रवास करून जातात, असेही वाचले. स्कॉटलंडमध्ये लॉक गार्टन नावाचे तळे आहे. मासे मारणारा ऑस्प्रे नावाचा शिकारी पक्षी ब्रिटनमधून जवळजवळ नाहीसा झाला होता, तो १९५०नंतरच्या दशकात तिथे पुन्हा घरटे करू लागला. ती जागा गुप्त ठेवून पाहारा दिला, तरी अंडी चोरीला गेली. तेव्हा १९५९ साली राखणदारांनी उलटा विचार केला: घरटे लपवण्याऐवजी लोकांनाच बोलवावे आणि दुर्बिणीतून दाखवावे. हजारो लोक आले. पुढे घरट्यावर कॅमेरे बसले आणि पडद्यावर पिलांचा जन्म दिसू लागला. माझ्या दगडावर रांग लागली नाही. घार दुर्मीळ नाही, हा तिचा मोठाच दोष. गिधाडांचेही तसेच झाले. होती तेव्हा त्यांच्याकडे कुणी मान वर करून पाहिले नाही. मग गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक नावाच्या वेदनाशामक औषधाने, मेलेल्या गुरांच्या मांसातून, ती पटापट मेली. २००६ साली गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली तोवर आकाश रिकामे झाले होते. घारी कशा तरी वाचल्या.

जानेवारीत मादी घरट्यात बसून राहू लागली. नर घिरट्या घालून खाणे आणी. संक्रांतीच्या आठवड्यात धारावीच्या छपरांवरून पतंग चढले, तेव्हा मला झोप लागेना. काचेच्या मांज्याने पंख कापून पडलेल्या घारी मी लहानपणापासून पाहिल्या आहेत. एक तर मीच पाडली असेन. तो आठवडा सुखरूप गेला. महिन्याच्या अखेरीस एका सकाळी मादी घरट्याच्या काठावर उभी राहून खाली वाकून काही भरवीत होती. दुर्बीण डोळ्यांना लावताना माझे हात चक्क थरथरत होते.

पिले दोन होती. एक मोठे, एक धाकटे. घार पहिले अंडे घातल्यापासूनच उबवू लागते. त्यामुळे पहिले पिलू आधी बाहेर येते आणि दुसऱ्याचा जन्म होईपर्यंत खाऊन-पिऊन तयार झालेले असते. हे मी वाचले होते, पण ते डोळ्यांनी पाहणे वेगळे. मादी मासळीचा तुकडा पायाखाली दाबून त्याचे दोरे काढी आणि समोर येईल त्या चोचीत घाली. समोर नेहमी मोठेच असे. धाकट्याने मान वर केली की मोठे त्याच्या मानेवर टोचा मारी. एक, दोन, तीन. धाकटे मान खाली घालून सपाट पडून राही. आणि आई? ती बघत होती, किंवा बघतही नव्हती. पुढचा दोरा काढून तिने तो पुन्हा मोठ्याच्याच चोचीत घातला.

मी वही मिटून घरी आलो. दोन दिवस बायकोशीसुद्धा धड बोललो नाही. तिला वाटले, शाळेत काही झाले.

जनाबाईने आपल्या अभंगात घारीला आई केले, तेव्हापासून मराठी माणसाच्या मनात घार ही आईच आहे. उंच आकाशात असली तरी जीव पिलांत असलेली. पाठ्यपुस्तकातून, कीर्तनातून, आईच्या तोंडून हे इतके ऐकलेले असते, की आकाशातला पक्षी बघताना आपण तो अभंगच बघत असतो. मीही माझ्या पहिल्या कादंबरीत ते चित्र वापरले होते. आणि नुसते वापरले नव्हते. त्यावर माझ्या घरातली एक गोष्ट बेतली होती.

ती इथे सांगणे भाग आहे. माझे वडील परळच्या एका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसे घरी बसली. डॉ. दत्ता सामंतांचा तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. तो नुसता विरत गेला आणि त्याबरोबर माणसेही विरली. पावसाळ्यापर्यंत आमच्या घरातली भांडी मोडीत गेली होती. माझे वय तीन. माझ्या दादाचे आठ. त्या पावसाळ्यात आईने दादाला गुहागरकडे मामाच्या गावी पाठवले. संप मिटला की आणायचे होते. तो तिथेच वाढला, तिथेच शेतीला लागला, तिथेच त्याचे लग्न झाले. मी शीवला राहिलो. आईच्या हातचे जे काही होते ते मी खाल्ले.

२०११ साली आलेल्या माझ्या कादंबरीत एक आई मुलाला एस.टी.त बसवते. गाडी सुटल्यावर ती स्टँडवरच खाली बसते आणि हमसाहमशी रडते; वर एक घार फिरत असते. हे प्रकरण वाचकांना आवडले. दोघाचौघांनी पत्रे लिहिली. आईला फारसे वाचता येत नव्हते, म्हणून बायको तिला रोज रात्री थोडे थोडे वाचून दाखवी. त्या प्रकरणाशी आली तेव्हा आई मध्येच “चहा टाकते” म्हणून उठली. रात्री साडेदहाला. तिला भरून आले, असे मी समजलो आणि लेखक म्हणून मनातून सुखावलो. २०१६ साली ती गेली.

आणि आता, ज्या पक्ष्याला साक्षी ठेवून मी हे सगळे लिहिले होते, तो माझ्या समोर एका पिलाला भरवीत होता आणि दुसऱ्याला मार खाऊ देत होता.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दादा मुंबईला आला. त्याच्या मानेवर गाठ आली होती आणि गुहागरच्या डॉक्टरने ती मुंबईला दाखवायला सांगितली होती. शीवला राहण्याचा एक फायदा असा, की गावाकडून येणाऱ्या आजाऱ्यांना आपले घर बरोबर वाटेवर लागते. गाठीचा तुकडा काढून तपासायला दिला. चार दिवसांनी कळेल म्हणाले. ते चार दिवस घरात कसे काढायचे हा प्रश्न होता. दादा बोलका नाही. सकाळी उठून तो गॅलरीतल्या कुंड्यांची माती उकरी, आणि मग सांगण्यासारखे काही उरत नसे. रविवारी मी म्हटले, “दादा, घारीचं घरटं बघायला येतोस?”

“घारीचं?” तो हसला. “त्यात काय बघायचं?” पण पायांत चपला घातल्या.

शीवचा जुना रेल्वेपूल आदल्या ऑगस्टपासून पाडण्यासाठी बंद झाला होता. पादचारी पुलावरून आम्ही पलीकडे उतरलो आणि टॅक्सी केली. उद्यानाच्या फाटकाशी तो थबकला.

“ही तीच जागा काय रे?”

“कुठली?”

“बाबांबरोबर सायकलवरून माहीमला जाताना नाक धरायचो. वास यायचा. हीच ती.”

हीच ती, म्हणालो. सालिम अलींनी पहिले झाड लावले ते १९८३ साली. म्हणजे दादा गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी. एकूण हे सारे रान त्याच्या गैरहजेरीत वाढलेले. तो एकेका झाडाच्या बुंध्यावर हात फिरवीत, वर शेंड्याकडे पाहत चालला होता. शेतकरी दुसऱ्याच्या बागेत चालतो तसा, थोडे कौतुक आणि थोडी नापसंती अशा दोन्ही भावांनी. “गर्दी झालीय,” एवढाच शेरा त्याने दिला.

दगडावर दोघांना जागा पुरली. मी दुर्बीण दिली. त्याने ती परत केली. “दिसतंय की.” त्याच्या आंबा-काजूच्या बागेपलीकडे समुद्र आहे, आणि त्या किनाऱ्यावर समुद्रगरुडाचे एक मोठे घरटे तो लहानपणापासून पाहत आला आहे. तो पक्षी त्याच घरट्यावर दरवर्षी नव्या काटक्या रचतो. वाढत वाढत ते बैलगाडीएवढे झाले आहे, असे दादाचे म्हणणे. बैलगाडीचे माप मी थोडे कमी करून घेतले.

मादी आली. तिच्या पायांत मांसाचा एक लालसर तुकडा होता. पुन्हा तेच सुरू झाले. मोठे पिलू पुढे सरकले, धाकट्याने मान वर केली, टोचा बसला. माझ्या पोटात कालवले. मी दादाकडे पाहिले नाही.

“आई काही करत नाही बघ,” मी म्हणालो. शब्द तोंडातून गेल्यावर मला वाटले, हे म्हणायला नको होते.

“काय करणार?” दादा म्हणाला. “ती निवडत नाय रे. जवळचं तोंड दिसतं, त्यात घालते. मोठ्याचं पोट भरलं की तो आडवा होतो. मग धाकट्याची पाळी.”

“आणि खाणं कमी पडलं तर?”

“तर नाय येत पाळी.”

बराच वेळ आम्ही दोघे गप्प होतो. मिठी नदीकडून चिखलाचा वास येत होता. मोठ्याने सातआठ घास घेतले, मान डोलू लागली, आणि खरोखरच ते घरट्याच्या काठाला टेकून पडले. मादीने पुढचा दोरा काढून धरून ठेवला. धाकटे मान वर करीना. ती तशीच उभी होती, चोचीत दोरा धरून. मग धाकट्याने हळूच मान उचलली आणि तो घेतला. मी न कळत “घेतला!” असे मोठ्याने म्हणालो. वाटेवरून चाललेल्या एका गृहस्थाने वळून पाहिले.

“तुझ्या पुस्तकात,” दादा घरट्याकडेच बघत म्हणाला, “आई स्टँडवर रडली असं लिहिलंयस.”

दादाने माझी कादंबरी वाचली आहे हेच मला ठाऊक नव्हते. मी प्रत पाठवली होती. पोचली एवढे त्याने कळवले होते. त्याला चौदा वर्षे होत आली.

“ती नव्हती रडली. तिनं मला दोन केळी दिली आणि म्हणाली, खिडकी लावून घे, पाऊस आत येईल. मग खिडकीच लावलेली, तर दिसणार काय?”

मी काही बोललो नाही.

“आणि तिनं मला विचारलं होतं. जाशील काय मामाकडे म्हणून. मी हो म्हटलं. मामाकडे बैल होता.” तो हसला. “दिवाळीला आणतो म्हणाले होते. दिवाळीला कोण आलं नाय. मग शिमग्याला आई आली. ओटीवर बसली होती. मी आतून पाण्याचा तांब्या आणि गूळ आणून तिच्या पुढ्यात ठेवला. पाहुण्याला देतात तसा. मामीनं शिकवलं होतं, कोणी आलं की द्यायचं. तेव्हा रडली ती. तांब्या हातात धरून. ते तुझ्या पुस्तकात नाय.”

ते माझ्या पुस्तकात असणार कसे? शिमग्याच्या त्या खेपेला आई मला शेजाऱ्यांकडे ठेवून गेली होती. ती कुठे गेली आणि परत येताना तिच्या पिशवीत तांदूळ कसे आले, हे विचारण्याइतकी अक्कल मला नव्हती. पुढे अक्कल आली तेव्हा मी विचारले नाही, लिहून टाकले. रात्री साडेदहाला टाकलेला तो चहा मला आठवला. बायकोने वाचता वाचता पुस्तकावर बोट ठेवून वाट पाहिली होती. चहा झाला, सगळ्यांनी घेतला, आणि आई म्हणाली होती, “पुढलं वाच.”

“तुला राग आला असेल,” मी कसेबसे म्हटले.

“कसला?” दादाने प्रथमच माझ्याकडे पाहिले. त्याच्या मानेवर पांढरी पट्टी होती आणि मान वळवताना तो सगळे अंग वळवीत होता. “मामाकडे भात होता. पेज, भात, मासळी. पोटभर. जेवायला बसलो की वाटायचं, तो बाळ्या काय खात असेल तिकडे. मामी म्हणायची, हा पोर अर्ध्यातून का उठतो?”

बाळ्या म्हणजे मी. या नावाने मला हाक मारणारे आता एकच माणूस उरले आहे.

इतकी वर्षे मी दादाची कीव करीत आलो होतो. ती कीव मी जपली होती, तिच्यावर एक कादंबरी उभी केली होती, दर दिवाळीला त्याच्या मुलांना कपडे पाठवताना ती थोडी थोडी फेडीत होतो. आणि त्याच वर्षांत तो तिकडे भाताच्या ताटावर बसून माझी करीत होता. मला रडू यायला हवे होते. आले मात्र हसू, आणि तेही नीट नाही. दादाने विचारले, काय झाले? काही नाही, म्हणालो. मग त्याने दुर्बीण मागून घेतली आणि बराच वेळ लावून पाहिली. “धाकट्याच्या पिसांचे कोंब आलेत,” तो म्हणाला. “जगेल बहुतेक. इथं खायला काय कमी नाय.”

परतताना त्याला भूक लागली. शीव स्टेशनाबाहेर आम्ही बटाटेवडे घेतले. मी सवयीने वर बघून घेतले. दादाने बघितले नाही. त्याच्याकडच्या घारींना वडे माहीत नसावेत.

गाठ साधी निघाली. कागद हातात पडला त्याच रात्रीच्या गाडीने तो गेला. आंब्याला मोहोर होता आणि फवारणी अडली होती. मी सोडायला गेलो. खिडकीशी बसून त्याने पिशवी मांडीवर घेतली. सांगावे असे मला खूप काही वाटत होते. मी म्हटले, “काच लावून घे, वारा लागेल मानेला.” तो हो म्हणाला आणि त्याने काच लावली.

त्यानंतर दर रविवारी रात्री त्याचा फोन येऊ लागला. पूर्वी तो गणपती आणि दिवाळी असा वर्षातून दोनदा येई. बोलणे तसे मिनिटभराचेच. धाकटे कसे आहे? मी सांगत असे. या आठवड्यात दोघांना पिसे भरली. या आठवड्यात मोठे फांदीवर येऊन पंख हलवीत होते. धाकटे घरट्यातच होते. आता मोठे टोचत नाही. आई घास ठेवून निघून जाते, ती दोघे आपापले फाडून खातात. माझी वही भरली. त्यातली चित्रे मी आठवीच्या मुलांना दाखवली. पहिल्या पानावरच्या दोन पिलांची मापे इतकी वेगळी का, असे त्यांनी विचारले, तेव्हा फळ्यावर मी नेहमी काढत असलेल्या त्या चार चोचींची मला लाज वाटली.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी घरटे रिकामे होते. निळ्या पिशवीचा तुकडा वाऱ्याने हलत होता. मी दोन तास थांबलो. आकाशात पंधरावीस घारी होत्या. कोण कुणाची ते कसे कळणार? निघता निघता, बाजूच्या झाडावर अंगभर फिकट ठिपके असलेली एक कोवळी घार दिसली. ती मान वाकडी करून ओरडत होती. तिच्याजवळ एक मोठी घार उतरली, पायातले काहीतरी फांदीवर टाकून पुन्हा उडाली. दुसरे पिलू मला कुठेच दिसले नाही. ते असेलही, पलीकडे, पानांआड, किंवा वर त्या पंधरावीस घारींत.

रात्री फोन आला.

“उडाली?”

“उडाली. घरटं मोकळं झालं. एक दिसलं मला, फांदीवर.”

“कोणतं? मोठं की धाकटं?”

“आता ओळखू येत नाही.”

पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू आले नाही. मागे कुणीतरी भांडी घाशीत होते.

“खात होतं ना?” दादाने विचारले.

“खात होतं.”

“मग बरं,” तो म्हणाला, आणि यंदा आंबा उशिरा आहे, पण पेटी पाठवतो, पत्ता तोच ना, असे विचारू लागला.